काळ्या ओढण्यांवरची पऱ्हाटी : ब्लीचने रंग उडवून नक्षी काढण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

नागपुरातच ताईकडे मानेवाड्याला ओवाळून घ्यायला गेलो आणि काम अंगावर घेऊन आलो. २० डिसेंबरला भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे. बारा मुलींचा कापूस वेचणीचा नाच. बाईंना सगळ्यांच्या ओढण्या काळ्या हव्यात, त्यावर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पानं आणि फुटलेली बोंडं. छापून देणाऱ्याने कापडासकट एका ओढणीचे ३५० रुपये सांगितले. भाची म्हणाली, "मामा, तू टी-शर्टवर ब्लीचनं वाघ काढला होता ना?" काढला होता. एकच. आणि त्यात वाघ कमी, मांजर जास्त होती. पण ओवाळून झाल्यावर, तोंडात करंजी असताना, नाही कसं म्हणणार?

आराखडा असा. ओढणीच्या दोन्ही टोकांना हातभर पट्ट्यात खरी पानं मांडायची आणि वरून पातळ ब्लीच फवारायचं. पानाखालचं कापड काळं राहील, बाजूचं उडेल. मधल्या काळ्या भागावर ब्रशने बोंडं काढायची. कागदावर हे दोन रविवारचं काम दिसतंय.

९ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या महाल भागातून गांधीबागेचा कापडबाजार चालत दहा मिनिटं, म्हणून गाडी काढली नाही. येताना ३१.५ मीटर कापड खांद्यावर घेऊन त्याचा पस्तावा झाला.

बारा ओढण्या आणि दोन जास्तीच्या, प्रत्येकी सव्वादोन मीटर. ८५ रुपये मीटरचं काळं कॅम्ब्रिक, म्हणजे बारीक विणीचं सुती कापड. एका ताग्यात १८ मीटरच निघालं, म्हणजे आठ ओढण्या. उरलेल्या सहांसाठी दुकानदाराने दुसरा तागा काढला. दोन्ही शेजारी ठेवून मी उजेडात पाहिले. दोन्ही काळेच. "दोनो प्युअर कॉटन है भाऊ, आँख बंद करके ले जाओ." मी तसंच केलं. २,६७७ रुपये ५० पैसे झाले, त्याने २,६५० घेतले. वरचे साडेसत्तावीस रुपये वाचले म्हणून मी खूश.

संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत उन्हाळ्यातली ब्लीचची बाटली सापडली. कूलरची टाकी धुवायला आणली होती, अर्धी शिल्लक होती. कापडाच्या कोपऱ्यावर चार थेंब टाकले. दहा मिनिटं, वीस, अर्धा तास. काळ्याचा जेमतेम चॉकलेटी झाला. मी रात्रभर कापडाला शिव्या घालत होतो.

१० नोव्हेंबर, रविवार

कापडाचा काही दोष नव्हता. बाटली अख्खा मे महिना पत्र्याखाली तापली होती. आपल्याकडे ४५ अंशांत त्या खोलीत माणूस पाच मिनिटं थांबत नाही, ब्लीच काय टिकणार! उष्णतेनं आणि उजेडानं त्यातला जोर आपोआप जातो. वास येत राहतो, त्यामुळे फसायला होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून नवी बाटली आणली, मागची तारीख बघून. ६० रुपये. त्याच कोपऱ्याशेजारी थेंब टाकला आणि चार मिनिटांत काळ्याचा विटकरी झाला. माझ्यासमोर, रंग पळावा तसा: आधी गडद तपकिरी, मग विटकरी, मग नारिंगी. सहाव्या मिनिटाला धुतलं.

एक गोष्ट मात्र खटकली. थेंब आधी अळूच्या पानावर पाणी थांबावं तसा गोल उभा राहिला होता आणि मग एकदम एका बाजूने शिरला. त्यामुळे डागाची कड वेडीवाकडी. नव्या कापडाची खळ आहे ही. सगळे चौदा तुकडे गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवले, चोळले, दोनदा खळबळले. पाणी शाईसारखं निघालं. कंबर गेली, रविवार गेला. पण दुपारी वाळलेल्या तुकड्यावर थेंब टाकला तर तो टीपकागदासारखा सरळ पसरला. ही धुलाई टाळू नका.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजची सगळी नोंद ब्रशची.

माझ्याकडे चित्रकलेचा सात नंबरचा जुना केसाचा ब्रश होता, चांगला टोकदार. वाटीत ब्लीच घेऊन चिंधीवर बोंडाच्या पाकळ्या काढायला बसलो. पहिली पाच बोंडं सुरेख आली. सहाव्याला टोक दुभंगलं. मला वाटलं, रंगाचं जुनं काही अडकलंय, म्हणून बोटांत धरून पिळलं. हातमोज्याला शेंबडासारखं काहीतरी चिकटून आलं आणि त्यात केस. पुन्हा वाटीत बुडवला, तर केस तळाशी तरंगायला लागले. वीस मिनिटांत ब्रशाचं टक्कल पडलं. प्राण्याचा केस ब्लीचमध्ये विरघळतो. लोकर आणि रेशमाचंही तेच होणार, तेव्हा कोणी रेशमी ओढणीवर हा प्रयोग करायच्या बेतात असेल तर थांबा. ९० रुपयांना नायलॉनचे तीन ब्रश आणले. ते अजून शाबूत आहेत. फक्त ब्रशाच्या मानेवरची पत्र्याची पट्टी गंजून तिचा तपकिरी डाग पडतो, म्हणून तिच्यावर टेप गुंडाळली.

नुसतं ब्लीच कापडावर पसरतं, रेषा जाड होते. घट्ट करायला कॉर्नफ्लोअरची खीर शिजवली, पूर्ण गार केली, मग निम्म्याला निम्मं ब्लीच. पहिली पंधरा-वीस मिनिटं टूथपेस्टसारखी छान चालते, मग ती खीर पाणी होत जाते. ब्लीच पिठालाच खातं. अर्धा लिटर एकदम करून ठेवलं होतं, ते सगळं मोरीत गेलं. आता वाटीभरच करतो, संपलं की पुन्हा.

याच भानगडीत एक भयंकर गोष्ट करणार होतो. कुठेतरी वाचलं होतं की परदेशात लोक घट्ट टॉयलेट क्लीनरनेच नक्षी काढतात. बाथरूममधली निळी बाटली उचललीही. सवयीने मागचं लेबल वाचलं: हायड्रोक्लोरिक ॲसिड. आपल्याकडचे बहुतेक निळे टॉयलेट क्लीनर ॲसिडचेच आहेत. ब्लीचच्या वाटीत ते पडलं असतं तर क्लोरीन वायू, आणि मी बंद खोलीत. बाटली परत ठेवली आणि अर्धा तास काहीच केलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहाटे काटोल रोडला ताईच्या सासरच्या शेतावर. वेचणी सुरू आहे. पऱ्हाटीची पानं पिशवीभर आणली आणि बांधावरच्या तुरीचे फुलांवर आलेले शेंडे. ताईच्या सासूबाईंनी विचारलं, पानं कशाला? ढोरं नाहीत ना तुमच्याकडे? सांगितल्यावर त्या हसत सुटल्या.

ताजं पान कापडावर बसत नाही, कडेने उचललेलं राहतं आणि ब्लीच खाली शिरतं. पहिलं पान म्हणजे नुसता काळपट ढग. मग सगळी पानं वर्तमानपत्रात घालून वर पाटा ठेवला. रात्रभर ठेवायला हवी होती, मी चार तास ठेवली. बऱ्यापैकी सपाट झाली. उरलेल्या उचललेल्या कडांवर वाळूतले बारीक खडे ठेवले. त्या खड्यांचेही काळे टिपके उठले आणि ते इतके छान दिसले की पुढे मुद्दाम ठेवले.

फवाऱ्यात निम्मं ब्लीच, निम्मं पाणी. पहिला दाब नेहमी थुंकतो, मोठे थेंब टाकतो, म्हणून तो बाजूच्या चिंधीवर मारायचा. मग दीड फुटावरून, वरून सरळ खाली. कापड ओलंचिंब करायचं नाही, दव पडल्यासारखं करायचं. रंग बदलायला लागला की दुसरा हलका हात. एकदम भिजवलं तर ब्लीच पानाखाली सरकतं आणि कडा मरतात. कापडाखाली प्लॅस्टिक, नाहीतर खालच्या थरावरही नक्षी.

दोन ओढण्या झाल्या. पऱ्हाटीच्या पानाचे पाचही कोन स्पष्ट, तुरीचा शेंडा सुद्धा. मी गच्चीवर एकटाच खूश होतो, तेवढ्यात बाजूच्या गच्चीवरून काकू.

"काऊन रे बाप्पा, माह्या पातळावर काय शिंपडून राहिला?"

वारा त्यांच्याकडे होता, मी पाहिलंच नव्हतं. तारेवरच्या हिरव्या सुती पातळाच्या पदरावर पिवळसर बारीक ठिपके. शेजारी त्यांचीच सिंथेटिक साडी वाळत होती, तिच्यावर एक ठिपका नाही. तेव्हाच हे डोक्यात शिरायला हवं होतं. नाही शिरलं, कारण मी माफी मागण्यात गुंतलो होतो. पातळाचे पैसे देतो म्हणालो. काकूंनी पातळ उजेडात धरलं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "पैसे नको देऊ. डाग तर पडले. आता सगळ्या पदरावरच शिंपडून दे, नक्षी होऊन जाईन." म्हणजे आता तेरा नग.

फवारताना गच्चीच त्रास कमी करते, बंद खोलीत हे करूच नका. आणि वारा आपल्या पाठीवर हवा, पण त्याच्या पुढे कोणाची तार आहे तेही बघा.

दोन्ही ओढण्या साध्या पाण्यात तीनदा खळबळून वाळत घातल्या. हे पुढे महागात पडणार आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुटी. सकाळी साडेसातला रांगेत, नऊला गच्चीवर, बोटाला शाई आणि वर रबरी मोजे.

पहिल्या ताग्यातल्या उरलेल्या सहा ओढण्या दुपारी दोनपर्यंत झाल्या. हात बसला होता. मग दुसऱ्या ताग्यातली पहिली अंथरली. फवारलं. चार मिनिटं, काही नाही. दहा मिनिटं, राखाडी छटा. जोर वाढवला, बिनपाण्याचं ब्लीच मारलं. पाऊण तासानंतर कापड धुरकट तपकिरी झालं होतं, मळक्या फरशीसारखं. पान दिसतंय की नाही हे जवळ जाऊन शोधावं लागत होतं.

काकूंची सिंथेटिक साडी तेव्हा आठवली. कडेचे दोन-तीन धागे उसवले आणि चिमट्यात धरून मेणबत्तीला लावले. पहिल्या ताग्याचा धागा कागदासारखा जळाला, मऊ राख झाली, बोटावर चुरली. दुसऱ्याचा धागा आधी आक्रसला, मग पेटला, आणि टोकाला मोहरीएवढी कडक काळी गोळी राहिली. चिमटीत दाबली तरी फुटेना. पॉलिस्टर मिसळलेलं आहे. त्यातला सुताचा रंग उडाला, पॉलिस्टरचा जागच्या जागी. त्याला ब्लीच काही करू शकत नाही, कितीही ओता.

१३.५ मीटर पाण्यात. म्हणजे १,१४७ रुपये. हे दोन धागे मी ९ तारखेला दुकानाच्या दारात जाळून बघितले असते तर एक काडी खर्च झाली असती.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस, इतवारीपासून गांधीबागेपर्यंत फटाके आणि गुलाल. दुकानदार म्हणाला, कापलेला माल परत नाही. बरोबर आहे त्याचं, कापला मीच होता. भांडलो नाही. या वेळी चार दुकानांतून चार काळ्या ताग्यांच्या वीतभर पट्ट्या आणल्या, नंबर टाकून. एकाने पट्टीचे दहा रुपये मागितले, बाकीच्यांनी तशाच दिल्या.

रात्री आधी जाळून बघितल्या, चारही सुती. मग गरम पाण्यात खळ काढून प्रत्येकीवर एकाच बाटलीचं, एकाच वेळी ब्लीच. पहिली नारिंगीकडे गेली पण आमच्या जुन्या ताग्यापेक्षा भडक. दुसरी सरळ बिस्किटी, जवळजवळ कोऱ्या मांजरपाटासारखी. तिसरीचा मळकट गुलाबी. चौथी अर्ध्या तासातही काळीच्या काळी, नुसती जरा विटकी. दुकानात चारही डोळ्यांना सारख्याच काळ्या होत्या. रंगाऱ्यानं काळा कशाकशाने बसवलाय ते डोळ्याला कळत नाही, ब्लीचला कळतं. काही रंग तर ब्लीचला दाद देऊ नयेत म्हणूनच वापरतात.

जुन्या विटकरीशी जुळणारी एकही नाही. तिघींचे फोटो भाचीला पाठवले. तिचं उत्तर लगेच: "मामा, सहा विटकरी सहा बिस्किटी कर ना, आमच्या दोन रांगाच आहेत." मी दोन तास ज्याच्यावर डोकं खाजवत होतो ते बारा वर्षांच्या पोरीनं एका ओळीत सोडवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

बिस्किटीवाला तागा ९२ रुपयांनी १५.७५ मीटर, सात ओढण्या. १,४४९ रुपये.

घरी येऊन आठही विटकरी ओढण्या घडी घालायला काढल्या आणि १७ तारखेच्या पहिल्या ओढणीच्या टोकाला सुईने टोचल्यासारखी पाच-सहा भोकं. जिथे प्लॅस्टिकच्या सुरकुतीत ब्लीच साचलं होतं, बरोबर तिथे. वास घेतला, पोहण्याच्या तलावाचा वास अजून येत होता, आठवड्यानंतर. नुसत्या पाण्याने ब्लीच पूर्ण जात नाही. ते धाग्यात बसून काम करत राहतं आणि रंग संपला की सूतच खातं.

ओळखीतल्या एकाने सांगितलं, व्हिनेगर टाक, ब्लीच मरतं. टाकलं. ओढण्या बादलीत, ब्लीचचा अंश अजून त्यांत, आणि वर अर्धी वाटी व्हिनेगर. काही सेकंदांत नाकात आणि घशात सुया. क्लोरीन. बादली गच्चीवर होती म्हणून वाचलो. खोकत खोकत खाली पळालो, संध्याकाळपर्यंत आवाज बसला होता. व्हिनेगर ब्लीचला मारत नाही, त्यातला क्लोरीन मोकळा करतं. आठ दिवसांपूर्वी टॉयलेट क्लीनरची बाटली वाचून परत ठेवणारा शहाणा मीच होतो, आणि ॲसिड ते ॲसिड हे व्हिनेगरच्या वेळी सुचलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

उपाय स्वयंपाकघरात होता.

फोटोग्राफीवाले ज्याला हायपो म्हणतात ते कापडातलं ब्लीच मारायला चालतं हे माहीत होतं, पण आता स्टुडिओत ते कोण ठेवतं? दोन ठिकाणी विचारलं, पोरं तोंडाकडे बघत राहिली. मेटाबायसल्फाइटही चालतं. आणि ते नाव मी वर्षानुवर्षं एका डब्यावर वाचत आलोय. आई आंबिया बहाराच्या संत्र्यांचं सरबत बाटल्यांत भरते, ते टिकवायला चिमूटभर घालते ती पांढरी भुकटी: पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घरातल्या भाषेत केएमएस. नागपुरातल्या निम्म्या घरांत असेल.

आईला न विचारता दोन चमचे घेतले.

पद्धत अशी बसली. ओढणी हव्या त्या रंगाच्या एक पायरी आधीच उचलायची, कारण धुईपर्यंत रंग उडतच राहतो आणि वाळल्यावर आणखी फिका दिसतो. आधी दोन बादल्या साध्या पाण्यात भरपूर खळबळायची. मग चार लिटर पाण्यात एक चहाचा चमचा केएमएस विरघळवून त्यात दहा मिनिटं. मग साबणाने धुवायची. केएमएसची भुकटी थेट ब्लीचवर कधीच टाकायची नाही, आधी पाण्याने बहुतेक ब्लीच काढूनच. भुकटीला विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा उग्र वास असतो. ताईला दमा आहे, तिला मी त्या दिवशी गच्चीवर येऊ दिलं नाही.

ब्लीच गेलं की नाही हे नाकावर सोडायचं नाही. टाकीच्या पाण्यातला क्लोरीन तपासायची थेंबांची बाटली १५० रुपयांना आणली. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. साध्या पाण्यात तीनदा धुतलेल्या ओढणीचं पाणी: हळदीसारखं. मी घाबरलो, मग नुसतं नळाचं पाणी तपासलं, तर तेही फिकट पिवळं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतोच. म्हणजे तुलना नळाशी करायची. केएमएसनंतरच्या पाण्यात थेंब टाकला, काहीच रंग नाही. नळापेक्षा स्वच्छ.

आठही जुन्या ओढण्या यातून काढल्या. भोकं पडली ती पडली, खाल्लेलं सूत परत येत नाही.

१ डिसेंबर, रविवार

बिस्किटी चार झाल्या. काही सांगण्यासारखं घडलं नाही. फवाऱ्याच्या आतली स्प्रिंग गंजून अडकली. दुसरी बाटली ७० रुपये. रोज संध्याकाळी त्यातून साधं पाणी मारून ठेवायचं, हे पहिल्या बाटलीनं शिकवलं.

८ डिसेंबर, रविवार

थंडी. सकाळी साडेसातला सुरुवात केली, पाणी बर्फासारखं. चार मिनिटांत उडणारा रंग उडायला अकरा मिनिटं लागली. मला वाटलं पुन्हा बाटली जुनी, म्हणून नवी फोडली. तीही तशीच. दुपारी बाराला उन्हात तेच ब्लीच पाच मिनिटांत. तेव्हा घड्याळ बघून काम करू नका, कापड बघून करा. मी सकाळच्या ओढणीवर कंटाळून दुसरा-तिसरा थर मारला होता, ऊन आल्यावर तिन्ही थरांनी एकदम काम केलं आणि तुरीचा शेंडा पांढऱ्यात बुडाला. ही जास्तीची म्हणून बाजूला.

दुपारी तीनपर्यंत उरलेल्या दोन. सात बिस्किटी पूर्ण, त्यातली सहा चांगल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

बोंडं. ब्रश, खीर, वाटी. प्रत्येक ओढणीवर मधल्या भागात नऊ, चार पाकळ्या फुटलेल्या. तेराही चांगल्या ओढण्यांवर, म्हणजे शंभराच्या वर बोंडं. सत्तराव्या बोंडानंतर ती बोंडं न राहता पॉपकॉर्न व्हायला लागली. आई येऊन बसली आणि म्हणाली, बोंड खालून टोकदार पानांच्या वाटीत बसतं, तू नुसता कापूस हवेत सोडलास. मग प्रत्येकाखाली काळी जागा सोडून तीन छोटे टोकदार दात काढले. एकदम बोंड झालं. आईचे वडील १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत होते, आणि ती लहानपणी त्यांच्या डब्याबरोबर गेटपर्यंत जायची. कापसाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

इस्त्री. १७ नोव्हेंबरची दुसरी ओढणी, जी वरून धडधाकट होती, इस्त्री फिरवताना टोकाला बोटभर फाटली. आवाजसुद्धा आला नाही, ओला कागद फाटावा तशी. तेरा दिवस ब्लीच अंगात ठेवून बसली होती ती. आता विटकरी सहा, बिस्किटी सहा, आणि जास्तीची म्हणून ती पांढऱ्यात बुडालेली एक.

दुपारी काकूंच्या पातळाचा पदर. पिंपळाची पानं मांडली, वारा आधी बघितला. हिरव्याचा लिंबासारखा पिवळा झाला, त्यात हिरवी पानं. काकूंनी पदर अंगावर घेतला आणि काही न बोलता खाली गेल्या. दहा मिनिटांनी सांबारवडीचं ताट आलं, कढीसकट.

हिशोब मांडला. कापड २,६५० आणि १,४४९. ब्लीचच्या पाच बाटल्या ३००. ब्रश ९०, फवारे दोन १४०, मोजे ८०, थेंबांची बाटली १५०, आईसाठी केएमएसचं नवं पाकीट १२०. एकूण ४,९७९, म्हणजे एका ओढणीला ४१५ रुपये. छापणारा ३५० मध्ये देत होता. फसलेला तागा वगळला तर ३२० पडले असते. वेळेचा हिशोब मांडलेला नाही, बायकोने मांडलाय.

१७ डिसेंबर, मंगळवार

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त. महालातून मानेवाड्याला नेहमी लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागला. ओढण्या उशीच्या अभ्र्यात घालून नेल्या. भाचीने एकेक उलगडून ताईच्या पलंगावर टाकली, काळी-विटकरी, काळी-बिस्किटी. मग नाक लावून वास घेतला. "स्विमिंग पूल नाही येत ना?" म्हणाली. मी थेंबांची बाटली खिशातच आणली होती.

२० डिसेंबर, शुक्रवार

स्टेजच्या पिवळ्या दिव्यात विटकरी रांग पेटल्यासारखी दिसली आणि बिस्किटी रांग वेचलेल्या कापसासारखी. तीच फसगत बाईंना "दोन रंगांची कल्पना" म्हणून आवडली. मी काही बोललो नाही. मागच्या ओळीतल्या एका मुलीने ओढणी पेटीत अडकवून फाडली, तिने ती पांढऱ्यात बुडालेली घेतली. लांबून कळलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आईने आज संत्री सोलायला काढली. केएमएसच्या जुन्या डब्यावर चिकटपट्टी लावून तिने पेनाने लिहिलंय: "सरबताचं. कपड्याला हात लावायचा नाही." माझं पाकीट गच्चीवरच्या खोलीत गेलं. कडेला उन्हाळ्यातली ती अर्धी बाटली अजून उभी आहे. तिच्यावर मी लिहिलं : फक्त कूलर.

फसलेल्या १३.५ मीटरचे आता उशांचे अभ्रे होतायत. काळे. धुतले तरी रंग जात नाही.